नऊ वर्षांचा पहारेकरी

(युवक-युवती शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे, ‘मुलं लिंगभाव कशी शिकतात?’ विषय भारदस्त आहे आणि मी काही मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. गेली सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवतोय. त्यामुळे सुरुवात एका हिशेबाने करतो. आज सकाळी नाश्त्यानंतर मी मागच्या खुर्चीवर बसून तुमच्याकडे बघत होतो. इथे मुलं आणि मुली साधारण सारख्याच संख्येने आलेल्या आहेत. नाश्ता संपल्यावर रिकामे कप आणि ताटल्या उचलायला आठ जण उठले. त्या आठांत सात मुली होत्या. त्यांना कुणी ‘उठा’ म्हटलं नव्हतं. मुलांनाही कुणी ‘बसून राहा’ म्हटलं नव्हतं. आणि बसलेली मुलं तावातावाने ज्या विषयावर बोलत होती तो विषय होता स्त्री-पुरुष समानता.

तुम्हाला लाजवावं म्हणून हे सांगत नाही. मीसुद्धा उठलो नव्हतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की घरातलं बिनपगारी काम दिवसभरात ८१.२ टक्के स्त्रिया करतात आणि २६.१ टक्के पुरुष. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. हे सर्वेक्षण सहा वर्षांवरच्या सगळ्यांचं होतं. इतका मोठा फरक एखादा कायदा करूनही घडवता येणार नाही. तो ‘कुणी सांगितलं नव्हतं’ यातूनच घडतो. आज मी त्यावरच बोलणार आहे.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. लिंग आणि लिंगभाव. लिंग म्हणजे शरीराची ठेवण. लिंगभाव म्हणजे त्या शरीराकडून समाजाने धरलेली अपेक्षा : कसं बसायचं, किती मोठ्याने हसायचं, रडायची परवानगी कुणाला, रात्री बाहेर कोण जाणार, कुणाचं शिक्षण आधी. मूल जन्माला घालणं हे शरीराचं काम. जन्मलेल्या मुलाचे लंगोट कुणी धुवायचे हे मात्र शरीराने ठरवलेलं नाही, आपण ठरवलं आहे.

आपल्या मोहल्ल्यातलंच उदाहरण घ्या. घरात स्वयंपाक बायकांचा. पण लग्नात बिर्याणीची देग चढते तेव्हा बावर्ची पुरुष असतो. घरात शिलाई मशीन अम्मीची, पण बाजारातल्या दुकानात गळ्यात टेप टाकून उभा असलेला मास्टर पुरुष असतो. काम तेच आहे. त्याला पैसे आणि नाव मिळायला लागलं की ते पुरुषाचं होतं. काम निसर्गानेच वाटून दिलेलं असतं, तर देगीचा आकार बघून ते बदललं नसतं.

हे शिकणं सुरू कधी होतं? अगदी पहिल्या दिवशी. दवाखान्यात नर्स बाहेर आली की पहिला प्रश्न काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर अकिका. आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे मुलगा झाला तर दोन बकरे, मुलगी झाली तर एक. या प्रथेवर धार्मिक वाद घालायला मी इथे उभा नाही. मी गणिताचा मास्तर म्हणून एवढंच म्हणतो की ज्या घरात चार भावंडं आहेत, त्या घरातल्या मुलीला हा हिशेब कधी ना कधी कळतो. तिला कुणी समजावून सांगत नाही. ती मोजते.

मग येते भाषा. मराठीत ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘मूल रडतं’, ‘मूल हसतं’. पण ते मूल बोलायला लागलं की ‘मी जातो’ म्हणायचं की ‘मी जाते’, हे ठरवल्याशिवाय त्याला साधं वाक्यही पुरं करता येत नाही. मुलगा ‘मी जाते’ म्हणाला की घरातले हसतात आणि तो पुन्हा तसं म्हणत नाही. म्हणजे आपली भाषा मुलाकडून दिवसातून शंभर वेळा ‘मी कोण’ ते वदवून घेते. आता याच मराठीत कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्यांच्या बाईपणाचं काही बिघडत नाही. घाट उतरून मालवणीत गेलात तर मुलीला ‘चेडू’ म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. घाट उतरला की जो नियम बदलतो, तो निसर्गाचा नियम कसा असेल?

साधारण दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला लागतं. पण हे कपड्याने किंवा केसाने बदलत नाही, हे त्याला पक्कं कळायला पाच-सहा-सात वर्षं लागतात. मधल्या काळात मुलाला वाटतं की केस, कपडे, बांगडी, काम यांवरूनच सगळं ठरतं. म्हणून चार वर्षांच्या मुलाला गंमत म्हणून बहिणीचा फ्रॉक घातला तर काही वेळा तो घाबरून रडतो. त्याला खरंच भीती वाटते की आपण आता मुलगी झालो. नियम मोडला तर आपण आपण राहणार नाही, असं त्याला वाटतं. म्हणून लहान मुलं हे नियम मोठ्यांपेक्षाही कडक पाळतात. आणि आपण काय म्हणतो? ‘बघा, आम्ही काही शिकवलं नाही, त्याला उपजतच कळतं.’

आपण शिकवत असतो, फक्त आपल्याला ते दिसत नाही. १९७६ मध्ये कॉन्ड्री दांपत्याने अमेरिकेत एक प्रयोग केला. एका बाळाची फिल्म लोकांना दाखवली. डब्यातून अचानक बाहुलं उसळतं आणि बाळ रडतं, असा त्यात एक प्रसंग होता. काहींना सांगितलं होतं की हा मुलगा आहे, काहींना सांगितलं की ही मुलगी आहे. मुलगा समजून बघणाऱ्यांना बाळ चिडलेलं वाटलं, मुलगी समजून बघणाऱ्यांना घाबरलेलं वाटलं. बाळ एकच आणि रडणंही एकच. आता विचार करा, चिडलेल्या बाळाशी आपण कसे वागतो आणि घाबरलेल्या बाळाशी कसे? पहिल्याला सांगतो, ‘अरे वा, ताकद बघा!’ दुसरीला उराशी धरतो आणि बाहुलं लांब ठेवतो.

दुसरा अभ्यास २००० सालचा. अकरा महिन्यांची रांगणारी बाळं किती तीव्र उतारावरून खाली येऊ शकतील, याचा अंदाज त्यांच्या आयांना करायला सांगितला. मुलांच्या आयांनी क्षमता जास्त धरली, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलं आणि मुली सारखीच रांगली. त्या आया दुष्ट नव्हत्या. आपल्या बाळाला सगळ्यात जास्त ओळखणारी माणसं होती ती.

हे सगळं दूरच्या देशातलं झालं. आता माझ्या घरातलं सांगतो. हे ज्या व्यक्तीबद्दल आहे, तिची परवानगी घेऊन सांगतोय.

आमचं घर सोलापुरात. अब्बा यंत्रमागावर होते. अम्मा आणि माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, घरी बिड्या वळायच्या. भिजवलेली तेंदूची पानं कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मांडीवर सूप आणि मान खाली. अब्बांचं काम म्हणजे ‘काम’, अम्माचं काम म्हणजे ‘बसल्या बसल्या’. अब्बा पाळी संपवून आले की झोपायचे. अम्मा सूप बाजूला ठेवून उठायची, ती चुलीकडे जायची. मी कधी गंमत म्हणून पान हातात घेतलं तर अम्माच हाकलायची, ‘छोड रे, ये छोरियों का काम हय.’ मी खूश व्हायचो. कामातून सुटलो म्हणून, आणि आपण काहीतरी वेगळे आहोत म्हणूनही.

हे १९८४ साल. मी नऊ वर्षांचा होतो, आपा पंधरा वर्षांची. ती दहावीत होती. तिचं गणित फार चांगलं होतं. मला पाढे तिनेच शिकवले, बिड्या मोजता मोजता. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, म्हणून पंचवीसचा पाढा मला आधी आला आणि सातचा नंतर. संध्याकाळी तिची शिकवणी असायची. शिकवणीची जागा घरापासून लांब होती. तेव्हा घरात ठरलं, ‘छोटे को साथ भेजो.’

आता नीट बघा. पंधरा वर्षांची मुलगी, गावातले रस्ते माहीत असलेली, घरचा हिशेब ठेवणारी. तिचं रक्षण कोण करणार? नऊ वर्षांचा मुलगा. त्याला मोठा रस्ता ओलांडताना तिचाच हात धरावा लागायचा. रस्ता ओलांडेपर्यंत ती मला सांभाळायची आणि पलीकडे पोचलं की मी तिला सांभाळायचो. मला कुणी स्त्री-पुरुष या विषयावर भाषण दिलं नाही. ‘बाई दुय्यम असते’ असं आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. मला फक्त एक काम दिलं गेलं. त्या कामातून मी शिकलो की मी पहारेकरी आहे आणि ती अमानत आहे. तीही त्याच कामातून तेच शिकली.

एका संध्याकाळी शिकवणीच्या दारात तिच्या वर्गातल्या एका मुलाने तिची वही परत दिली. दोघं पाचेक मिनिटं बोलली. एका गणितावर बोलत होती, एवढं मला कळत होतं. मग कशावर तरी दोघं हसली. घरी आल्यावर मी हे सांगितलं. माझ्या मनात चहाडी नव्हती. मला काम दिलेलं होतं, मी खबर दिली. अब्बांनी मला जवळ ओढलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘शाबाश. मरद हय मेरा बच्चा.’ त्याआधी अब्बांनी मला इतक्या मायेने जवळ घेतल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आपाची शिकवणी बंद झाली. परीक्षेला बसू दिलं. शिकवणीशिवायही गणितात वर्गात सगळ्यात जास्त गुण तिचेच आले. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. त्याच घरात पुढे मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, गणिताचा मास्तर झालो. जे पद तिचं होतं, त्यावर मी बसलोय, असं मला अनेकदा वाटतं.

या गोष्टीत खलनायक शोधू नका. अब्बा कठोर नव्हते. ते घाबरलेले होते. मोहल्ल्यात त्यांची किंमत त्यांच्या मुलीच्या चालण्या-बोलण्यावरून होत होती, असं त्यांनाही कुणीतरी लहानपणीच शिकवलं होतं. मुद्दा असा की लिंगभाव शिकवला जातो तो बहुतेक वेळा प्रेमाने. मारून शिकवलेलं माणूस विसरतो किंवा झुगारतो. शाबासकी देऊन शिकवलेलं आपलं स्वतःचं वाटतं.

एक आणखी बहीण-भाऊ सांगतो. बेगम रुकय्या सखावत हुसेन. १८८० मध्ये आजच्या बांगलादेशातल्या रंगपूर भागात जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षापासून त्यांना बाहेरच्या पुरुषांपासूनच नव्हे, घरी येणाऱ्या परक्या बायकांपासूनही पडदा करावा लागे. कुणी आलं की लहानशी रुकय्या लपायची, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पाच वर्षांच्या मुलीला ‘का’ ते काय कळणार? पण लपायचं कसं ते तिला नेमकं कळलं. मुलींनी इंग्रजी शिकायचं नाही, असा त्या घराचा दंडक होता. त्यांचा मोठा भाऊ इब्राहिम घरातले सगळे झोपल्यावर रात्री दिव्याच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकवायचा. त्याच रुकय्यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट इंग्रजीतच लिहिली. त्या गोष्टीतल्या देशात पुरुष घरात पडद्यात राहतात आणि बायका राज्य चालवतात. १९११ मध्ये त्यांनी कोलकात्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली, ती आजही आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं. दोन्ही घरांत एक भाऊ होता आणि एक हुशार बहीण होती. एका भावाला रात्री दिवा लावावासा वाटला. दुसऱ्याने संध्याकाळी घरी जाऊन खबर दिली. इब्राहिम वयाने मोठा होता, मी लहान होतो, हे खरं. पण मी पुढे मोठा झालोच की.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, सर, हे सगळं दीनने आखून दिलं आहे. मी त्याला दोन-तीन गोष्टी विचारेन. पैगंबर साहेब घरात असताना काय करत, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत, असं त्यांनी सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. आपल्या घरात किती मुलांना ही हदीस माहीत आहे? हजरत खदीजा व्यापार करत होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो. मग शेजारची मुलगी दुकान काढते म्हणाली की आपले चेहरे का बदलतात? इंडोनेशियात पश्चिम सुमात्रा प्रांतात मिनांगकाबाऊ नावाचा समाज आहे. ते धर्माने मुसलमान आहेत आणि त्यांच्याकडे वडिलोपार्जित घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. इतक्या लांब जायला नको, आपल्या लक्षद्वीपमध्ये मुस्लिम कुटुंबं मातृवंशीय आहेत. नमाज तीच, रोजे तेच, पण तिथल्या मुलीला घर कुणाचं असतं याचं वेगळं उत्तर मिळतं. म्हणजे ज्याला आपण ‘मुस्लिम बाईची जागा’ म्हणतो, ती बऱ्याच अंशी आपल्या गल्लीची रीत असते.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की या व्यवहारात आपण फायद्यात आहोत. थोडं थांबा. आमच्याकडे काही काळ यंत्रमाग बंद पडले. अब्बा सहा महिने घरी होते. अम्माच्या बिड्यांवर घर चाललं. त्या सहा महिन्यांत अब्बा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि चौकात बसून संध्याकाळी परत यायचे. घरात बसून दोन बिड्या वळणं त्यांना जमलं नाही आणि रडणंही जमलं नाही. ‘कमावतो तो पुरुष’ एवढी एकच ओळख त्यांना शिकवली होती. ती गेल्यावर घरातली आपली जागा त्यांना सापडेना. ‘लडका होके रोता क्या?’ हे वाक्य आपण तीन वर्षांच्या मुलाला ऐकवतो. त्याचं फळ चाळीस-पन्नास वर्षांनी दिसतं, छातीत दाटलेल्या, कुणाशी न बोलणाऱ्या माणसांत.

आणि काही मुलं अशी असतात की ती या दोन्ही खणांत बसत नाहीत. माझ्या वर्गात एक मुलगा होता. आवाज मऊ, चालणं वेगळं, मेंदीची नक्षी सुरेख काढायचा. पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणायची. मी त्याला कधी हसलो नाही, पण हसणाऱ्यांना थांबवलंही नाही. आठवीनंतर तो शाळेत आला नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर मान्यता दिली आणि आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तो निकाल मी वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मला तो मुलगा आठवला. तो तृतीयपंथी होता की नुसता मेंदी आवडणारा मुलगा होता, मला माहीत नाही. त्याला ते शोधायला शाळेत राहू द्यायला हवं होतं. न्यायालय हक्क देतं, पण वर्गात मास्तर गप्प बसला तर तो हक्क त्या मुलापर्यंत पोचत नाही.

आता शिकलेलं बदलतं का? बदलतं. म्हणून तर मी बोलतोय. २०१९ मध्ये आपल्या बालभारतीने दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत, असं चित्र दिलं. गोष्ट छोटी आहे. पण सात वर्षांचं मूल ते चित्र वर्षभर बघतं. हरियाणात ३१४ सरकारी शाळांत एक मोठा अभ्यास झाला. सातवी-आठवीच्या मुलामुलींशी अडीच वर्षं वर्गातच या विषयावर चर्चा केल्या. ज्या शाळांत चर्चा झाल्या तिथल्या मुलामुलींची मतं समानतेकडे झुकली आणि दोन वर्षांनंतरही तो बदल टिकून होता. त्यातही वागणुकीत बदल मुलांमध्ये जास्त दिसला, ते घरकामाला हात लावू लागले. मुलींचं वागणं तेवढं बदललं नाही. याचं कारण साधं आहे. मुलाला भांडी घासायची असतील तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मुलीला पुढे शिकायचं असेल तर घरातल्या चार जणांची लागते. म्हणून मुलांनो, आधी पाऊल तुम्ही टाकायला हवं. तुम्हाला ते स्वस्त पडतं.

या संस्थेच्या वाचकांना १८ एप्रिल १९६६ ही तारीख सांगायची गरज नाही. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. त्या सात जणींनाही लहानपणी ‘रस्त्यात आवाज चढवायचा नाही’ हेच शिकवलं असणार. शिकलेलं त्यांनी रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत विसरून दाखवलं.

मला माझं शिकलेलं दिसायला फार उशीर लागला. २०१६ ची गोष्ट. माझी मुलगी चौदा वर्षांची, मुलगा दहाचा. मुलगी संध्याकाळी मैत्रिणीकडे वही आणायला निघाली. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटलं, ‘भाईला सोबत घेऊन जा.’ ती दारात थांबली आणि म्हणाली, ‘अब्बू, त्याला रस्ता तरी ओलांडता येतो का?’

मी पेपर खाली ठेवला. त्या रविवारी आपाकडे गेलो. ती आता तिच्या वस्तीतल्या बचत गटाचा हिशेब ठेवते. त्या गटात कुणाचा एक रुपया चुकत नाही. चहा झाल्यावर मी तिला शिकवणीची, वहीची, त्या संध्याकाळची आठवण काढली आणि म्हटलं, ‘आपा, मी सांगितलं होतं.’ ती म्हणाली, ‘मला माहीत आहे. मी आतल्या खोलीत होते, ऐकू येत होतं.’ मी माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘नऊ वर्षांचा होतास, त्याची माफी कशाला? पण मोठा झाल्यावरही तू कधी विचारलं नाहीस, आपा, तुला पुढे शिकायचं होतं का? तीस वर्षं झाली.’

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही. त्यानंतर एवढंच केलं की मुलाला पहाऱ्यावर पाठवणं थांबवलं. मुलीला एकटीने जाऊ दिलं तेव्हा पहिले काही दिवस मी स्वतः खिडकीत उभा राहायचो. सवय लगेच जात नाही, हे कबूल करतो. मुलगा आता पोळ्या करतो, गोल होत नाहीत. माझ्याही होत नाहीत.

जाताना तुम्हाला एक घरचा अभ्यास देतो. मास्तर आहे, दिल्याशिवाय सोडणार नाही. घरी गेल्यावर आठ दिवस काही बदलू नका, फक्त मोजा. दस्तरख्वानावर बसल्यावर पाण्यासाठी कोण उठतं? शेवटी कोण जेवतं? ‘सांभाळून जा’ कुणाला म्हटलं जातं आणि ‘लवकर ये’ कुणाला? लहान भावाला शाबासकी कशासाठी मिळते आणि लहान बहिणीला कशासाठी? वहीत रेघा मारा. आठ दिवसांनी ती वही घरातल्यांसमोर ठेवा. भांडू नका, आकडे बोलतील. आणि ज्यांना मोठ्या बहिणी आहेत त्यांनी आणखी एक करा. जो प्रश्न मी तीस वर्षं विचारला नाही, तो त्यांना जाऊन विचारा. उत्तर ऐकायला बसावं लागेल, तेवढा वेळ काढून जा.

बस्स, एवढंच. आता चहाची सुट्टी आहे. या वेळी कप कोण उचलतंय ते मी मागे बसून मोजणार नाही. मी स्वतः उचलणार आहे. इथे बरेच कप आहेत, मुलांपैकी पाच-सहा जण माझ्यासोबत या.